टॉवेलवर युरोपचा कार्बन कर? एक खुलासा
‘१ जानेवारी २०२६ पासून युरोप सोलापुरी टॉवेल-चादरींवर कार्बन कर लावतोय’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. कार्बन कर म्हणजे माल बनवताना हवेत सोडलेल्या कार्बन वायूबद्दल, तो माल युरोपात आणताना लागणारा आकार. युरोपीय संघाच्या २०२३ च्या मूळ नियमातली यादी काढून वाचली: लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज, हायड्रोजन. कापड त्यात नाही. तारीख तेवढी खरी. शिवाय ज्या मालाला तो लागतो, त्याचेही पैसे तिथला आयातदार भरतो. भाव पाडून तो ते आपल्याकडून काढू पाहणार, हे व्यापाऱ्याला वेगळं सांगायला नको. टॉवेलवाल्यांनी बघायचं ते रंगाकडे; काही ॲझो रंगांवर (हे कृत्रिम रंग) तिकडे जुनीच बंदी आहे. कारखानदारांच्या ग्रुपवर तो मेसेज अजून फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका. मी माझा डिलीट केलाय.