वर्चस्व मोजायचं तर दुसऱ्या नंबरकडे बघा

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज आठवड्याभरात चार वेळा येऊन गेला. एकदा मुंबईच्या चाकरमान्यांकडून, एकदा माझ्या सख्ख्या भाच्याकडून. दावा असा, की जगातल्या सगळ्या खेळांत आपल्या खेळावर सर्वात जास्त वर्चस्व गाजवणारा खेळाडू एकच, सचिन तेंडुलकर. खाली पाच मुद्दे, आणि शेवटी ‘पटलं तर दहा जणांना पाठवा’.

मी मालवण तालुक्यातला. तेंडुलकर हे आडनाव आमच्याच जिल्ह्यातल्या तेंडोलीवरून आलं असं आमच्याकडे सगळेच सांगतात आणि त्याचा मला अभिमान आहे. सचिन बाद झाला की आमच्या घरात टीव्ही बंद व्हायचा आणि जेवणं उशिरा व्हायची. तरीही हा मेसेज चुकीचा आहे. भावना खरी आहे, मोजमाप चुकलंय.

वर्चस्व म्हणजे काय, हे मी देवळाच्या सभामंडपात शिकलो. माघी गणेशजयंतीला तिथे कॅरमची स्पर्धा असायची. दोन बोर्ड, वर लोंबकळणारे बल्ब, बोरिक पावडरचा वास. आमच्याकडे एक भाई होते. ब्रेक त्यांचा असला की समोरचा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा, कारण बऱ्याचदा त्याची पाळी यायचीच नाही. राणी, तिचं कव्हर आणि नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या एका बैठकीत, म्हणजे व्हाइट स्लॅम. सामन्यांच्या चिठ्ठ्या निघायच्या तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, “पयलो ठरलेलोच आसा, दुसरो कोण येतलो ता बघूया.” एका वर्षी मंडळाने दुसरं बक्षीस वाढवलं, कारण खरी चुरस तिथेच होती. बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी खेळायला लागतात, तेव्हा त्याला मी वर्चस्व म्हणतो. आता मेसेजमधले मुद्दे याच मापाने बघू.

मेसेज म्हणतो, सचिनची १०० आंतरराष्ट्रीय शतकं आणि ३४,३५७ धावा, जवळपास कुणी नाही. आकडे बरोबर आहेत. तो निवृत्त झाला तेव्हा शतकांत दुसरा होता रिकी पाँटिंग, ७१ वर. २९ शतकांची दरी छोटी नाही, हे मी पहिल्यांदा मान्य करतो. पण ही बेरीज आहे. बेरीज जितकी खेळावर मिळते तितकीच हजेरीवरही मिळते. सचिनने तिन्ही प्रकार मिळून ७८२ डाव खेळले. कसोटीत ३२९ डावांत ५१ शतकं, म्हणजे साधारण साडेसहा डावांमागे एक. १९२८ ते १९४८ या काळात खेळलेल्या ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनची ८० डावांत २९, म्हणजे तीन डावही पुरे व्हायच्या आत एक.

आणि सचिनच्या काळात भाईंसारखा प्रश्न कधी पडला का, की पहिला ठरलेलाच आहे, दुसरा कोण? सचिनची कसोटी सरासरी ५३.७८. त्याच वर्षांत खेळलेले इतर मोठे फलंदाज बघा, कॅलिस ५५.३७, संगकारा ५७.४०, लारा ५२.८८, द्रविड ५२.३१, पाँटिंग ५१.८५. ही माणसं एकाच ओळीत, खांद्याला खांदा लावून उभी आहेत. आम्ही नाक्यावर सचिन की लारा यावर रात्री जागवल्या. ज्या प्रश्नावर रात्र जागवता येते, तिथे वर्चस्व नसतं. तिथे चुरस असते, आणि त्या चुरशीत सचिन पुढे राहिला म्हणून तर तो आपल्याला इतका प्रिय.

दुसरा मुद्दा, चोवीस वर्षांच्या कारकिर्दीचा, लवकर आटपतो. सोळाव्या वर्षी सुरुवात करून चाळिशीत थांबेपर्यंत देशाचा भार वाहणं हा टिकाऊपणाचा आणि निष्ठेचा विक्रम आहे. त्याला स्वतंत्र मान द्या. तो वर्चस्वाच्या खात्यात घालायची गरज नाही.

तिसरा मुद्दा मला खरा लागला, कारण तिथे एका मेलेल्या माणसावर अन्याय आहे. मेसेज म्हणतो, ‘ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी फुकटची. तेव्हा दोनच देश खेळायचे, गोलंदाज दुधखुळे, खेळपट्ट्या पाटा. आज असता तर तीसही आली नसती.’

ब्रॅडमन चार देशांविरुद्ध खेळला. ५२ कसोट्यांपैकी ३७ इंग्लंडशी, बाकी वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांच्याशी पाच-पाच. त्यातले दुबळे संघ बाजूला काढायचे तर खुशाल काढा. भारताविरुद्धची १७८.७५ ची सरासरी काढा, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची २०१.५० काढा. वेस्ट इंडीजही काढा. एकटं इंग्लंड, तेव्हाचा सर्वात तगडा प्रतिस्पर्धी, उरतं. तिथे ५,०२८ धावा, सरासरी ८९.७८. दुबळ्यांच्या धावा काढून टाकल्यावरसुद्धा दुसरा कुणी त्याच्या आसपास येत नाही.

गोलंदाज दुधखुळे होते, तर त्याच गोलंदाजीवर इतरांनी किती केल्या? किमान २० कसोट्या खेळलेल्या त्याच्या काळातल्या मोठ्या फलंदाजांत जॉर्ज हेडली ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफ ६०.७३, वॉली हॅमंड ५८.४५. साठ-एकसष्टपर्यंत सगळे येऊन थांबतात आणि मग एकदम शंभराला टेकलेला एक माणूस दिसतो. मधे कुणीच नाही. हिशेब करून बघा. सचिनच्या काळात संगकाराच्या ५७.४० वर तेवढ्याच प्रमाणात आघाडी घ्यायची तर सरासरी ९४ च्या पुढे जायला हवी होती.

‘आज असता तर’ हा प्रश्नच मला पटत नाही. वल्ह्याच्या होडीने जाळं टाकणाऱ्याला आपण आजच्या ट्रॉलरमधल्या मासळीशी तोलत नाही. त्या दिवशी त्याच बंदरावरून सुटलेल्या बाकीच्या होड्यांना किती लागलं, तेवढंच विचारतो. तशी होडी, तसा वारा, तीच खाडी, आणि याच्याच टोपल्या दुप्पट कशा? ब्रॅडमनबद्दल विचारायचं तर हे विचारा.

आणि पाटा, म्हणजे फलंदाजाला सोप्या खेळपट्ट्या? तेव्हा खेळपट्ट्या आच्छादत नसत. पाऊस पडून वर ऊन आलं की माती चिकट व्हायची आणि चेंडू कुठूनही उसळायचा. भातकापणीनंतर मळ्यात ओलसर पिच आखून टेनिस बॉल खेळलेल्या कुणाही कोकणी पोराला हे समजावून सांगावं लागू नये. अशा खेळपट्टीवर ब्रॅडमन इतरांपेक्षा फार वेगळा नव्हता, हेही खरं. पण ते अपयशी डाव ९९.९४ मध्ये धरलेलेच आहेत.

त्याला रोखायला इंग्लंडला १९३२-३३ मध्ये बॉडीलाइन काढावी लागली. हॅरॉल्ड लारवूडसारखा तुफान वेगाचा गोलंदाज, चेंडू अंगावर, लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. एका माणसासाठी आखलेली योजना इतकी कडवट ठरली, की पुढे अशा माऱ्याला आळा घालणारे नियम आले. त्या मालिकेत ब्रॅडमनने चार कसोट्यांत ३९६ धावा केल्या, सरासरी ५६.५७. त्याला पाडलं असं ज्या मालिकेबद्दल सांगतात, तिथली त्याची सरासरी सचिनच्या अख्ख्या कारकिर्दीच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. हे वाक्य लिहिताना माझाही हात अडखळला.

आपल्या माणसांनी हे समोर उभं राहून पाहिलंय. जानेवारी १९४८, ॲडलेड. सांगलीच्या विजय हजारेंनी ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ केल्या. त्याच सामन्यात ब्रॅडमनने २०१ केल्या, आणि त्याचा त्रिफळा उडवला तोही हजारेंनीच. आपल्या मराठी फलंदाजांचा इतका मोठा सामना, तरी भारत डावाने हरला. हजारेंची ती दोन शतकं ग्रुपवर कधी फिरत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

चौथा मुद्दा, ‘बाकीच्या खेळांत एवढं वर्चस्व कुणाचंच नाही.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याने क्रिकेटबाहेर पाहिलेलंच नाही. स्क्वॉशमध्ये पाकिस्तानचा जहांगीर खान १९८१ पासून साडेपाच वर्षं हरला नाही, शेवटी नोव्हेंबर १९८६ मध्ये तुलूझला रॉस नॉर्मनकडून हरला. अडथळ्यांच्या शर्यतीत एडविन मोझेस सलग १२२ शर्यती जिंकला. रशियाचा पैलवान अलेक्झांडर करेलिन तीन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन २००० साली सिडनीत अंतिम फेरीत हरला, तेव्हा तेरा वर्षांतली ती पहिली हार होती. व्हीलचेअर टेनिसमध्ये एस्थर व्हर्गीर एकेरीचे सलग ४७० सामने जिंकून थांबली.

आणि माझ्या लेखी या यादीत सर्वात वर हेदर मॅके. ऑस्ट्रेलियाची ही बाई स्क्वॉशची ब्रिटिश ओपन १९६२ ते १९७७ अशी सलग सोळा वर्षं जिंकली. पूर्ण कारकिर्दीत फक्त दोन सामने हरली, तेही अगदी सुरुवातीला. आमच्या भाईंच्या सर्वात जवळची हीच. कुणी म्हणेल, तेव्हा बायकांच्या स्क्वॉशमध्ये खेळणाऱ्या होत्याच किती? या आक्षेपात वजन आहे. म्हणूनच एकच नाव घ्यायचं झालं तर मी ब्रॅडमनचं घेतो. त्याच्या समोर एका मोठ्या, जुन्या खेळातले त्या पिढीचे सगळे खंदे फलंदाज आणि गोलंदाज होते, आणि दरी तरीही तेवढीच राहिली.

पाचवा मुद्दा असा, की सचिनला पहिला न म्हणणारा मराठी माणूसच नव्हे. भाच्या, हे तू पुढे पाठवलंस म्हणून तुला सांगतो. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिनने ऑस्ट्रेलियाला आधी १४३ आणि दोन दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ मारल्या. त्या वर्षी त्याच्यासारखी बॅट जगात कुणाची चालत नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये तो ॲडलेडला गेला. २७ तारखेला ब्रॅडमनला नव्वद वर्षं पूर्ण होत होती, आणि सचिन त्याच्या घरी भेटायला गेला होता.