पाकीट आत ठेवावं की बाहेर काढावं?

अमेरिकेत पोलिसाने हटकलं तर कसं वागावं, याचे सल्ले पोतंभर मिळतात. हात दिसतील असे ठेवा, हळू बोला, वाद घालू नका. सगळं ठीक, पण मूळ मुद्दा कोणी सांगत नाही: तुम्ही घाबरायचं नाही. घाबरण्याचा मान समोरच्याचा.

हा मान त्याला शरीराने दिलाय आणि कायद्यानेही मान्य केलाय. जिवावर बेतलंय असं वाटलं की ॲड्रेनलिन उसळतं, नजर आक्रसून समोरचा एक हात तेवढा दिसतो, सेकंद लांबतात, बोटं ऐकेनाशी होतात. स्वतःच्याच पिस्तुलाचा बार ऐकू न आल्याचं सांगणारे पोलीस आहेत, आणि ते खोटं बोलत नसतात. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ खटल्यात सांगून टाकलं की बळाचा वापर वाजवी होता का, हे जागेवरच्या वाजवी पोलिसाच्या नजरेने पाहा, पश्चातबुद्धीने नको. बिचाऱ्याला क्षणार्धात ठरवावं लागतं.

ग्रंथी तुमच्याही शरीरात त्याच आहेत, पण त्यांना जरा दटावून ठेवा. त्याला ऐकू आलं नाही तर तो ताण. तुम्हाला ऐकू आलं नाही तर ती हुकुमाची अवज्ञा. त्याला प्रशिक्षण मिळालेलं असतं म्हणून त्याला चुकायची मुभा, तुम्हाला मिळालेलं नसतं म्हणून तुम्ही चुकायचं नाही. (हिशेब उलटा वाटत असेल तर पुन्हा वाचा. तरीही उलटाच वाटेल.)

आता पाकिटाचं बघू. ज्या ग्रॅहमच्या नावाने हा निकष चालतो, त्याला मधुमेह होता. नोव्हेंबर १९८४, नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट शहर. साखर उतरतेय असं वाटल्यावर तो मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला. रांग मोठी दिसली, म्हणून लगबगीने बाहेर आला. माणूस दुकानात शिरतो काय आणि लगेच बाहेर पडतो काय! पोलिसाने पाठलाग करून गाडी अडवली. मित्राने साखरेचं सांगून पाहिलं. ग्रॅहम उतरला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून फुटपाथच्या कडेला बसला आणि थोडा वेळ शुद्ध हरपली. जादा कुमक आली. त्यातल्या एकाचं निदान तयार होतं: मधुमेहवाले खूप पाहिलेत, हा नुसता प्यायलाय. बेड्या करकचून आवळल्या. ‘पाकिटात मधुमेहाचं कार्ड आहे, बघा’ असं ग्रॅहम म्हणाला, तर त्याला गप्प बसायला सांगून तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबलं. एक मित्र रस घेऊन आला, तोही देऊ दिला नाही. शेवटी दुकानात काहीच घडलं नसल्याचं कळलं आणि पोलिसांनी त्याला घरी सोडलं. पायाचं हाड मोडलेलं, मनगटं कापलेली, कपाळाला मुका मार लागलेला. तेव्हा पाकीट बघा असं पोलिसाला कधीही सांगू नका.

मग स्वतःच काढून दाखवावं? तेही नको. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये साध्या वेशातल्या चार पोलिसांसमोर अमाडू डियालो हा तरुण स्वतःच्या इमारतीच्या दारात उभा होता. त्याने हातात काहीतरी घेतलं. पोलिसांना ते पिस्तूल वाटलं. त्यातला एक पायऱ्यांवरून मागे पडला, बाकीच्यांना वाटलं त्याला गोळी लागली. एकूण ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. हातात पाकीट होतं. २००० साली चौघंही निर्दोष सुटले.

पळण्याबद्दल मात्र कायदा उदार आहे. मेम्फिसमध्ये १९७४ साली कुंपणावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पोलिसाने मागून डोक्यात गोळी घातली. मुलाकडे हत्यार नसावं, याची त्याला बऱ्यापैकी खात्री होती. चोरीचा ऐवज म्हणजे एक पर्स आणि दहा डॉलर. १९८५ साली न्यायालय म्हणाले, नुसतं पळतोय म्हणून जीव घेता येणार नाही. तो इतरांच्या जिवाला धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. पळताना आपण धोकादायक नाही हे पाठीवरून स्पष्ट दिसेल अशा बेताने पळा.

प्रगती होतेय, निराश होऊ नका. ह्यूस्टनजवळ २०१६ मध्ये टोल थकलेली गाडी पोलिसाने अडवली. गाडी हलली तसा तो दाराच्या पायरीवर चढला आणि त्याने चालकाला गोळ्या घातल्या. खालच्या कोर्टांनी पाहिले ते फक्त शेवटचे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत पोलिसाचा जीव खरंच धोक्यात होता. चालत्या गाडीवर चढलेल्या माणसाचा असतोच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, आधीचंही बघा. म्हणजे आता तिसऱ्या सेकंदापासूनचं तुमचं वर्तनही मोजलं जाईल. तेव्हा चेहरा शांत ठेवायला लवकर सुरुवात करा.

आणि दुकानात रांग असली, तर साखर कितीही उतरो, उभे राहा.