मिसुरी कधीच बुडाली नव्हती

गेल्या आठवड्यात पुतणीने शाळेतील भाषणाची वही तपासायला दिली. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात झालेल्या जपानच्या शरणागतीविषयी व्हॉट्सॲपवर फिरत असलेला मजकूर तिने त्यात जसाच्या तसा उतरवून काढला होता. "मामाआजोबांनी पाठवलाय, म्हणजे खराच असणार," हे तिचे समर्थन. त्या मजकुराचा सारांश असा: पर्ल हार्बरला जपानी हल्ल्यात बुडालेली मिसुरी ही अमेरिकी युद्धनौका सूड म्हणून वर काढून तिच्यावरच सह्या घेतल्या, समोर जपानचे अख्खे आरमार रांगेत उभे केले, जपानचा अपमान करण्यासाठी अमेरिकेचा जुना ध्वज उलटा लावला, जपानी परराष्ट्रमंत्र्याचा पाय कोठडीत मोडला, एक सही चुकल्यामुळे शरणागती बेकायदा ठरली असून जपान आजही युद्धातच आहे, आणि मिसुरीवर मराठा पलटणीचे जवान पहाऱ्याला होते.

मिसुरीचेच आधी पाहू, कारण लोकांना सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच दिसतो. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा मिसुरी ब्रुकलिनच्या गोदीत अर्धवट बांधलेल्या अवस्थेत होती. ती पाण्यात उतरली २९ जानेवारी १९४४ रोजी, आणि तिचे जलावतरण केले मार्गारेट ट्रुमन यांनी. त्यांचे वडील हॅरी ट्रुमन तेव्हा मिसुरी राज्याचे सिनेटर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर समारंभासाठी याच नौकेची निवड का झाली असावी, हे कळायला सूडकथेची गरज नाही. जे जहाज पाण्यातच नव्हते ते बुडाले कसे, एवढा प्रश्न तरी पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाला पडायला हवा होता. नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो: पर्ल हार्बरला तळाशी बसलेली, १९४२ मध्ये वर काढून नव्याने उभी केलेली वेस्ट व्हर्जिनिया ही युद्धनौका त्या दिवशी उपसागरात खरोखरच होती. लेखकाने दोन नौकांची गोष्ट एकीच्या नावावर खपवली आहे.

रांगेत उभे करायला जपानचे आरमार उरलेच कुठे होते? उपसागरात अडीचशेहून अधिक जहाजे होती ती दोस्त राष्ट्रांची, आणि मोठी विमानवाहू जहाजे तर खबरदारी म्हणून बाहेर समुद्रातच ठेवलेली होती. जपानी आरमाराचे सेनापती यामामोतो यांनी जिच्यावरून पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा आदेश पाठवला ती नागातो ही युद्धनौका योकोसुका बंदरात पांगळी होऊन पडली होती.

ध्वजाबाबत मिसुरीचे कप्तान स्टुअर्ट मरे यांच्या आठवणी वाचाव्यात. अमेरिकी नौदल अधिकारी कमोडोर पेरी यांनी १८५३ मध्ये जपानला आणलेला एकतीस ताऱ्यांचा ध्वज काचेच्या चौकटीत लावला होता. कापड जीर्ण असल्यामुळे त्याच्या एका बाजूला आधाराचे कापड शिवलेले होते, म्हणून दुसरी बाजू दर्शनी ठेवावी लागली आणि एरवी डावीकडे असणारे तारे उजवीकडे दिसले. डोलकाठीवरचा ध्वज मात्र मरे यांच्या सांगण्यानुसार नौदलाच्या भांडारातला साधा ध्वज होता. सह्यांचे टेबलही तसेच: ब्रिटिशांनी दिलेले सुबक टेबल कागदांना पुरेना, तेव्हा खलाशांच्या जेवणघरातले टेबल उचलून आणले आणि त्यावर कॉफीचे डाग पडलेले हिरवे कापड अंथरले.

जपानचे परराष्ट्रमंत्री मामोरु शिगेमित्सू यांचा पाय १९३२ मध्ये शांघायला, युन बोंग-गिल या कोरियन स्वातंत्र्यसैनिकाने फेकलेल्या बाँबमुळे गेला. ते लाकडी पायावर, काठी टेकत मिसुरीवर चढले. एका अपंग माणसाच्या चालण्यावरून छळाची कथा रचणे मला किळसवाणे वाटते.

सहीची चूक खरी आहे, पण तिच्यावर रचलेला इमला पोकळ आहे. कॅनडाचे कर्नल कॉसग्रेव्ह यांनी जपानला द्यायच्या प्रतीवर फ्रान्सच्या ओळीत सही केली. त्यामुळे फ्रान्स नेदरलँड्सच्या जागी सरकला, नेदरलँड्स न्यूझीलंडच्या जागी आणि न्यूझीलंडला तळाच्या कोऱ्या जागेत सही करावी लागली. दोस्त राष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती मॅकआर्थर यांचे सहकारी सदरलँड यांनी देशांची नावे खोडून हाताने दुरुस्त केली आणि विषय तिथेच मिटला. दोस्त राष्ट्रांनी ठेवलेल्या प्रतीत ही चूक नाही. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार १९५१ मध्ये झाला आणि २८ एप्रिल १९५२ पासून तो लागू झाला. भारत त्या परिषदेला गेला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र करार केला. तेव्हा "जपान आजही युद्धात" हे वाक्य पुतणीने वहीतून आधी खोडावे.

राहिली मराठा पलटण. १९४६ मध्ये जपानमधील ताबासेनेत जी भारतीय ब्रिगेड गेली, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. भाषणात मराठ्यांचा उल्लेख हवाच असेल तर तो तिथे करावा, मिसुरीच्या डेकवर नाही.