'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मोठ्या मुलांना दाखवावा का?

अ‍ॅनिमेशनपट म्हणजे मुलांचा चित्रपट, हा आपल्याकडचा समज इतका पक्का आहे की जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' अनेक पालक निर्धास्तपणे लावून देतात आणि थोड्याच वेळात रिमोट शोधू लागतात. हा चित्रपट कोणत्या वयाच्या मुलांना दाखवावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तो जरूर दाखवावा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र दाखवू नये, मग ती कितीही धीट असोत.

त्यातली दृश्ये भीषण आहेत, हे खरेच. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४५ मध्ये जपानच्या कोबे शहरावर आगलावे बॉम्ब पडतात आणि चौदा वर्षांचा सेइता व त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची आई भाजून मरते. डोक्यापासून बँडेजमध्ये गुंडाळलेली, रक्त पाझरत असलेली ती आई कॅमेरा अगदी जवळून दाखवतो. आपल्याकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटांच्या यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण असे प्रमाणपत्र मुख्यतः पडद्यावर काय दिसते ते मोजते. जे दिसते त्याचा अर्थ लावायला मुलाजवळ काय असावे लागते, ते पालकांनाच पाहावे लागते.

या चित्रपटात तर सगळे त्या अर्थावरच अवलंबून आहे. सेइता मरतो, हे पहिल्याच दृश्यात कळते. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा हे असे का झाले, हाच प्रश्न उरतो. आई गेल्यावर भावंडे एका नातेवाईक बाईकडे राहतात. ती त्यांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणते, आपल्या कामावर जाणाऱ्या माणसांना घट्ट भात वाढते आणि या दोघांना पातळ पेज. टोमणे असह्य झाल्यावर सेइता बहिणीला घेऊन बाहेर पडतो आणि तळ्याकाठच्या रिकाम्या भुयारात बिऱ्हाड थाटतो. दहा वर्षांच्या मुलाला इथे एक दुष्ट काकू आणि एक बिचारी मुलगी एवढेच दिसेल, आणि ते रडून मोकळे होईल. चौदा वर्षांचे मूल मात्र अडखळते. आईने बँकेत पैसे ठेवलेले आहेत, एक शेतकरी "माफी माग आणि परत जा" असे बजावतोही. मग हा परत का जात नाही? कारण तो स्वाभिमानी आहे, आणि त्याच स्वाभिमानाची किंमत धाकटी बहीण मोजते. ज्या वयात स्वतःचा मान फार मोठा वाटू लागतो, त्या वयाच्या मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हा युद्धविरोधी चित्रपट नाही, असे ताकाहाता वारंवार सांगत; समाजापासून तुटून जगू पाहणाऱ्या दोघांचे काय होते, हे त्यांना दाखवायचे होते. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही (बॉम्ब पडले नसते तर हा प्रसंगच आला नसता), पण मोठ्या मुलांशी बोलायला तो धागा उत्तम आहे. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण युद्धकाळात उपासमारीने गेली होती आणि आपण सेइताइतके मायाळू नव्हतो, ही बोच त्यांना कायम राहिली. हे मुलांना चित्रपट संपल्यावर सांगावे, आधी नको.

एका प्रसंगाची मात्र तयारी ठेवा. अशक्त झालेली सेत्सुको तोंडात काहीतरी चोखत असते. सेइता ते काढून पाहतो, तर ती काचेची गोटी निघते. तिला ती फळांच्या स्वादाची गोळी वाटलेली असते. मग ती मातीचे गोळे पुढे करून भावाला जेवायला वाढते. इथे रक्ताचा थेंबही नाही, तरी बॉम्बहल्ल्यापेक्षा हाच प्रसंग मुलांच्या अधिक काळ मनात राहील, असे मला वाटते. म्हणून मुलांच्या हाती नुसता मोबाइल देऊन निघून जाऊ नये. दीड तास सोबत बसावे. शक्यतो मूळ जपानी संवाद आणि सबटायटल्स ठेवावीत. मुलाला ती सहज वाचता येत नसतील, तर चित्रपट आणखी वर्षभर लांबवला तरी चालेल.

घरात धाकटे भावंड असेल तर त्याच्यासाठी हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' आहे. १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानी चित्रपटगृहांत हे दोन्ही चित्रपट एकाच तिकिटावर, जोडीने दाखवले गेले होते. आपण ते वेगवेगळ्या दिवशी पाहावेत.