जुलैचे ते पंचवीस दिवस आणि आपल्या मुलांच्या शाळेचा पैसा

परवा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दादांनी लिहिलं, "वॉशिंग्टनहून शाळांना येणारा पैसा थांबला तर थांबू दे की, आपल्या एरियात काय फरक पडतो, आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यावरच आपल्या शाळा चालतात." खाली पटापट अंगठे आले. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं, चार ओळीत सांगण्यासारखं नव्हतंच ते. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण ज्यांची मुलं इथे अमेरिकेत पब्लिक म्हणजे सरकारी शाळेत जातात त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी गेली अकरा वर्षं एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) प्रोग्रॅम्स ऑफिसमध्ये काम करते. नाव लिहीत नाही, नोकरी आहे. आम्ही तिघं जण आहोत आणि डिस्ट्रिक्टला येणारी प्रत्येक फेडरल ग्रँट आमच्या हातून जाते, अर्ज, बजेट, खर्चाचा हिशोब, ऑडिट सगळं. दादांचं एक बरोबर आहे, देशभरात शाळांचा बहुतेक पैसा स्टेटचा आणि लोकल टॅक्सचाच असतो, करोनाच्या आधी फेडरल वाटा जेमतेम आठेक टक्के होता. पण ते आठ टक्के सगळ्या शाळेवर सारखे पसरलेले नसतात ना. शाळेची इमारत, बस, वर्गशिक्षक हे लोकल पैशातून आणि ज्या मुलाला जरा जास्त आधार लागतो त्याच्या शेजारी बसणारं माणूस बऱ्याचदा या पैशातून. ते काढून घेतलं तर इमारत उभीच राहते, बस पण येते, फक्त ते एक मूल मागच्या बाकावर गप्प बसून राहतं आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

आता जुलैचं सांगते. दरवर्षी १ जुलैला नव्या वर्षाच्या बऱ्याच ग्रँट खुल्या होतात, इतकी वर्षं ती तारीख आम्ही डोळे मिटून धरत आलो. २०२५ मध्ये ३० जूनला, म्हणजे बरोब्बर आदल्या दिवशी, शिक्षण खात्याने सगळ्या राज्यांना कळवलं की काही ग्रँट उद्या सुटणार नाहीत, रिव्ह्यू चालू आहे. किती पैसा? देशभरात मिळून ६ बिलियन डॉलरच्या वर. टायटल म्हणजे शिक्षणाच्या फेडरल कायद्याचा एकेक भाग. टायटल टू म्हणजे शिक्षकांचं ट्रेनिंग, टायटल थ्री म्हणजे इंग्लिश शिकणारी मुलं, टायटल फोर मधून काउन्सेलिंग वगैरे आणि शाळा सुटल्यावरचे आफ्टरस्कूल प्रोग्रॅम, शिवाय शेतमजुरांची स्थलांतर करणारी मुलं, प्रौढ शिक्षण. काँग्रेसने मंजूर केलेला, राष्ट्राध्यक्षांनी सही केलेला पैसा. टायटल वन (गरीब मुलांसाठीचा पैसा) आणि स्पेशल एज्युकेशन (अपंग मुलांसाठीचा) त्यात नव्हतं, नाहीतर काय केलं असतं माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी गेलेच नाही लवकर. स्प्रेडशीट उघडली आणि एकेका ओळीसमोर पिवळा रंग भरत बसले. ओळ म्हणजे माणूस असतो आमच्याकडे. एक इंस्ट्रक्शनल कोच म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारं माणूस, अर्ध्या वेळेचा काउन्सेलर, इंग्लिश शिकणाऱ्या मुलांसाठीच्या दोन असिस्टंट, आफ्टरस्कूलची चार माणसं, त्यातला समर प्रोग्रॅम तर चालूच होता, मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन येणार होती. माणसं आम्ही एप्रिल-मेमध्ये ठरवतो कारण ऑगस्टमध्ये शाळा उघडायची असते. शब्द देऊन झालेला होता आणि पैसा अडकला.

पुढे काय झालं ते पेपरमध्ये आलंच. १४ जुलैला वीसहून जास्त राज्यं कोर्टात गेली, मग रिपब्लिकन पक्षाच्याच १० सिनेटरांनी पैसे सोडा म्हणून पत्र लिहिलं, १८ तारखेला आफ्टरस्कूलचा हिस्सा सुटला आणि २५ जुलैला बाकीचा सोडतोय असं जाहीर झालं. ग्रुपवर तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, बघा, उगाच बोंब मारत होते, मिळाले की पैसे! मिळाले, खरंय. पण त्या पंचवीस दिवसांत इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या त्या दोन असिस्टंटपैकी एकीला मी फोनवर सांगितलं होतं की ऑफर लेटर आत्ता देता येत नाही, थोडं थांबा. ती म्हणाली माझं भाडं थांबत नाही हो. तिने एका दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी धरली. तिला स्पॅनिश आणि पोर्तुगीज दोन्ही यायचं, पाच वर्षं नव्या आलेल्या मुलांशेजारी बसून शिकवत होती, पहिल्या आठवड्यात रडणारं मूल तिच्याकडे गेलं की गप्प व्हायचं हे मी स्वतः बघितलंय. पैसे आले, ती काही परत आली नाही. शाळा पुढच्या आठवड्यात उघडतेय आणि ती जागा अजून रिकामी आहे, जाहिरात लावलीय, दोन अर्ज आलेत, दोघांनाही पोर्तुगीज येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा पैसा किती याच्याइतकंच महत्त्वाचं आहे तो कधी येतो आणि येणार याचा भरवसा आहे की नाही. पैसा महिनाभर उशिरा आला तर त्यातला काही भाग कायमचा गेलेला असतो, हिशोबात तो कुठेच दिसत नाही.

हे मला लहानपणापासून माहितीय खरं तर. बाबा सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत हेडमास्तर होते. सादिलचे म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे यायचे मार्च एन्डला आणि वर हुकूम की ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा. वर्षभर खडू, रजिस्टरं, बल्ब, घंटेची दोरी सगळं बाबांच्या खिशातून नाहीतर गावातल्या दुकानात उधारीवर. आई चिडायची, पण दुकानदाराची वही भरत राहायची. इथे आकडे मोठे आहेत, सॉफ्टवेअर आहे, पण गाडा तसाच चालतो. फेडरल पैसा आधी हातात येत नाही. आधी डिस्ट्रिक्टने स्वतःच्या खात्यातून पगार करायचे, मग स्टेटकडे क्लेम टाकायचा, मग भरपाई. ज्या डिस्ट्रिक्टकडे चार पैसे शिल्लक असतात ते तगतात, गरीब डिस्ट्रिक्टला ते पण जड जातं. ग्रँट वापरायला तसे सत्तावीस महिने मिळतात, पण टायटल वनचे १५ टक्क्यांपेक्षा जास्त पुढच्या वर्षात ढकलायचे तर स्टेटची परवानगी लागते, ती पण तीन वर्षांतून एकदाच. म्हणून मग सप्टेंबरची मुदत जवळ आली की कुठे कुठे घाईने टॅब्लेट घेतले जातात. मी एका शाळेत कपाट उघडलं तर आत अठरा टॅब्लेट, प्रत्येकावर आमच्या ऑफिसचं टायटल वनचं बारकोड स्टिकर आणि प्लास्टिक अजून काढलेलं नाही. दीड वर्ष तसेच! मुख्याध्यापकांना मी बोललेच, ते म्हणाले चार्जिंगची सोय नव्हती.

करोनाच्या पैशाचं पण तसंच झालं. २०२० आणि २१ मध्ये तीन हप्त्यांत मिळून जवळजवळ १९० बिलियन डॉलर शाळांना मिळाले, शेवटचा हप्ता ३० सप्टेंबर २०२४ च्या आत कमिट करायचा होता. तो एकदाच येणारा पैसा आहे हे सगळ्यांना माहीत असून कितीतरी डिस्ट्रिक्टनी त्यातून कायमच्या नोकऱ्या काढल्या आणि नंतर त्याच माणसांना घरी पाठवलं. ही चूक वॉशिंग्टनची नव्हती, ती आमची, लोकल लोकांची.

आणि कागदांबद्दल. फेडरल ग्रँट म्हटलं की लोक म्हणतात बापरे किती ती कागदपत्रं. मी पण म्हणायचे. मग एक प्रकार झाला, पूर्वीच्या माझ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये. एका शाळेत टायटल वन ठरावीक मुलांपुरतं होतं, वाचनात मागे असलेली बावीस मुलं, त्यांच्यासाठी एक असिस्टंट, तिचा शंभर टक्के पगार ग्रँटमधून. ऑफिसातली क्लार्क रजेवर गेली म्हणून मुख्याध्यापकांनी तिला दुपारनंतर फ्रंट डेस्कवर बसवलं, आजचा दिवस, उद्याचा दिवस करत चार महिने. फॉर्मवर तिची सही मात्र "पूर्ण वेळ टायटल वन". ऑडिटर बाई आल्या, तिला सहज विचारलं तुम्ही दिवसभर काय करता, आणि तिने खरं ते सांगितलं. चार महिन्यांचा अर्धा पगार डिस्ट्रिक्टला स्वतःच्या खिशातून परत भरावा लागला. मला ऑडिटरचा भयंकर राग आला होता तेव्हा. मग रात्री बसून मोजलं, त्या बावीस मुलांचे दुपारचे किती तास बुडाले असतील ते, आणि राग कुठल्या कुठे गेला. तो फॉर्म आणि त्याची तपासणी नसती तर हे कुणाला कळलंच नसतं. तेव्हापासून दर महिन्याला मी स्वतः दोन शाळांत जाते आणि माणसं कागदावर आहेत तिथे खरंच आहेत का ते बघून येते.

म्हणून २०२६ च्या बजेट प्रस्तावात जेव्हा सरकारने सांगितलं की अठरा ग्रँट एकत्र करून एकच सुटसुटीत २ बिलियनची ग्रँट करू, तेव्हा मला अर्धं पटलं. अर्ज कमी करा, एकच पोर्टल करा, मी हात जोडेन. पण एकत्र करताना रक्कम कितीतरी खाली आणायची आणि त्याला सुटसुटीत म्हणायचं हे नाही पटत. आणि नियम सैल झाले की सगळ्यात आधी कुणाचं माणूस फ्रंट डेस्कवर जाऊन बसतं ते मी पाहिलंय.

आता दादांच्या मूळ मुद्द्यावर येते, आपल्याला काय फरक पडतो.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ही सगळी टायटलं ज्यात आहेत त्या शिक्षणाच्या कायद्यावर टेक्ससमध्ये त्यांच्या गावातल्या जुन्या एकखोली शाळेपाशी सही केली, शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका बसल्या होत्या. टायटल वन तिथून सुरू झालं, गरीब मुलांसाठी. पण दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला आणि तो पैसा श्रीमंत-गरीब प्रत्येक डिस्ट्रिक्टला जातो. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या मुलांना शाळेत स्पीच थेरपी मिळते, ऑक्युपेशनल थेरपी मिळते, आयईपी म्हणजे त्या मुलापुरता खास शिक्षणाचा आराखडा आहे, आपण चारचौघांत बोलत नाही एवढंच. त्या कायद्यात अशा प्रत्येक मुलामागे, देशातल्या दर विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम फेडरल सरकार देईल असं ठरलं होतं. आजपर्यंत ते झालेलं नाही, हल्ली तर निम्म्यावरही नाही. उरलेलं आपल्या त्याच प्रॉपर्टी टॅक्समधून जातं.

आणि टायटल थ्री, जो जुलैत अडकला होता. तो इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या मोजणीवर येतो, आणि बाहेर जन्मलेली, इथल्या शाळेत तीन वर्षं पण न झालेली मुलं वेगळी मोजतात, ज्या डिस्ट्रिक्टमध्ये ती एकदम वाढतात तिथे त्यांच्यासाठी वेगळा हिस्सा असतो. म्हणजे पुण्याहून, नाशिकहून, हैदराबादहून आलेली आपली मुलंच की.

मागच्या वर्षी एनरोलमेंटच्या दिवशी मी मदतीला बसले होते. एक कुटुंब आलं, नुकतेच नाशिकहून आलेले, मुलगी दुसरीत. होम लँग्वेज सर्व्हेवर तीन प्रश्न असतात, घरी कोणती भाषा बोलता, मूल आधी कोणती भाषा शिकलं, सगळ्यात जास्त कोणती बोलतं. बाबाने तिन्ही ठिकाणी इंग्लिश लिहिलं. शेजारी आजी त्या पोरीला म्हणत होत्या, "बाळा, पाणी पितेस का गं, घसा सुकला असेल." मी हळूच मराठीत विचारलं, घरी मराठीच बोलता ना? तो दचकला, मग म्हणाला, "ताई, ईएलएलचा शिक्का बसला तर पोरगी मागे पडेल ना?" ईएलएल म्हणजे इंग्लिश शिकणारं मूल. त्याचा दोष नाही, ग्रुपवर हेच सांगतात एकमेकांना. मी त्याला सांगितलं की मराठी लिहिल्याने आपोआप काही शिक्का बसत नाही, एक छोटी टेस्ट होते, पास झाली तर विषय संपला, नाही झाली तर मदत मिळते आणि ती मदत नको असेल तर नाही म्हणायचा हक्क पण पालकांना आहे. तो थोडा वेळ पेन फिरवत बसला. मग इंग्लिश खोडून तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. मुलगी बोलण्यात छान होती, लिहिण्यात अडकत होती. तिला मदत कुणी केली? जी आता दवाखान्यात रिसेप्शनला बसते ना, तिनेच.

लंचच्या फॉर्मचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना शाळेत फुकट किंवा स्वस्त जेवण मिळावं म्हणून भरायच्या फॉर्मचं, पण तसंच. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये तो फॉर्म अजून भरतात तिथे बऱ्याचदा त्याच आकड्यांवरून ठरतं की टायटल वनच्या पैशातला कुठल्या शाळेला किती. नोकरी गेलेली असते, उत्पन्न मर्यादेत बसतं, तरी लाजेखातर भरत नाहीत आणि शाळा कागदावर श्रीमंत दिसते.

अजून एक, घर शोधताना "ती टायटल वन शाळा आहे, नको" असं सर्रास म्हणतो आपण. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. टायटल वन म्हणजे त्या शाळेत बऱ्याचदा वाचनासाठी जादा माणूस असतं, पालकांसाठी वर्षातून एकदा तरी मीटिंग घ्यावीच लागते, पैसा कशावर खर्च करायचा त्यात पालकांचं मत घ्यावं लागतं. त्या मीटिंगला आमच्याकडे बऱ्याचदा पाच पालक येतात. पाच.

रविवारी गणपतीच्या डेकोरेशनच्या मीटिंगला मी हॉलवर असणारच आहे. ज्यांचे एनरोलमेंटचे फॉर्म, होम लँग्वेज सर्व्हे, लंच फॉर्म राहिलेत त्यांनी ते घेऊन या, पेन माझ्याकडे आहेत, मीटिंग झाल्यावर मागच्या टेबलावर बसू. आणि ज्या दादांनी तो मेसेज टाकला त्यांनी पण नक्की या, तुमच्याशी भांडायचं नाहीये, तुम्हाला ती स्प्रेडशीट दाखवायची आहे. आणि हो, कुणाच्या ओळखीत पोर्तुगीज येणारं, लहान मुलांची आवड असणारं कुणी असेल तर मला आजच मेसेज करा.