गुंड्याचा मोतीबिंदू

आमच्या सोसायटीची लिफ्ट तीन महिने बंद आहे. कमिटीला त्याचं काही नाही. पण पाळीव कुत्र्यांची यादी मात्र रविवारच्या आत हवी, 'ओळख पटेल अशा स्पष्ट फोटोसह'. रात्री दहाला मी फ्लॅश मारून गुंड्याचा फोटो काढला. काळाकुट्ट कुत्रा, मागे अंधार, मधोमध दोन हिरवे दिवे. ग्रुपवर सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'फोटो कुत्र्याचा पाठवावा, सिग्नलचा नव्हे.' खाली सत्तावीस हसरे चेहरे. त्यातले चार आमच्याच मजल्यावरचे, मोजलेत मी.

फोनमध्ये डोळ्यांतली लाली घालवायचं बटण आहे. पण ते लालच शोधतं. फ्लॅशमध्ये आपले डोळे लाल दिसतात ते आतल्या रक्तामुळे. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. आत आलेला उजेड तो पुन्हा मागे फेकतो, म्हणजे अंधारात तेवढ्याच उजेडात दोनदा भागतं. म्हणून हिरवं-पिवळं चमकतं. बटणाने डोळ्यांना हातही लावला नाही, गुंड्याची जीभ तेवढी काळी केली. एवढा महागाचा फोन, आणि त्याला जगात फक्त माणसंच राहतात असं वाटतं!

गिरणीशेजारच्या स्टुडिओत गेलो. बाकावर एक आजोबा पासपोर्ट साइझ फोटोसाठी पावडर लावून बसले होते. त्यांनी माझ्या फोनमध्ये डोकावून निदान केलं, "मोतीबिंदू."

"नाही हो, फ्लॅश आहे."

"माझ्या वेळी मीपण चष्म्याचा नंबर म्हणत होतो. शेवटी लेन्स बसवली. आता नातीच्या वाढदिवसाच्या फोटोत मीच चमकतो. कुठला डोळा?"

"दोन्ही चमकतात."

"आधी उजवा करा. दोन्ही एकदम नको. आणि नंतर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणावं."

"तो एरवीही घेत नाही."

"शहाणा आहे. वाकायचंही नाही."

"आजोबा, तो चार पायांवर चालतो."

ते विचारात पडले. पावडर जरा ओघळली. "मग अवघड आहे," म्हणाले.

स्टुडिओवाल्याला खरं तर सगळं कळत होतं. "फ्लॅश लेन्सला खेटून असला की उजेड सरळ परत येतो. आमचा मोठा फ्लॅश छताकडे वळवता येतो, मोबाइलचा नाही. दिवसा खिडकीशी बसवा, फ्लॅश बंद, त्याला जरा बाजूला बघू द्या." एवढं ऐकून निघायला हवं होतं. पण तो म्हणाला, "हाच दुरुस्त करून देतो, दीडशे."

हिरवं पुसून बुबुळ गडद करायचं आणि वर पांढरा बारीक ठिपका ठेवायचा, की कुत्रा जिवंत दिसतो. याने ठिपक्यावर थांबायचं की नाही! बुबुळाभोवती पांढरंशुभ्र रंगवलं, वर तपकिरी छटा दिली. गुंड्या हुबेहूब आमच्या नागपूरच्या मामासारखा दिसायला लागला. कर्ज नामंजूर करताना मामा असाच बघायचा.

"बघा, ऑपरेशन यशस्वी," आजोबा म्हणाले.

सेक्रेटरींनी फोटो लगेच मंजूर केला, अंगठा दाखवून. मी स्टुडिओवाल्याकडे पावती मागितली होती.

"पावती माणसांच्या फोटोला देतो," तो म्हणाला.