एकच आयएसओ सगळ्या मशीनवर चालते म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय, तुमच्याकडंही आला असेल. "विंडोज १० बंद झालं, तुमचं मशीन आता भंगार. घाबरू नका, लिनक्सची ही एकच आयएसओ फाईल उतरवा, कुठल्याही पीसीवर, जुन्या ३२ बिटवर, टॅबवर, मोबाईलवर चालते, ड्रायव्हर लागत नाही, विंडोजची सगळी सॉफ्टवेअर वाईनमध्ये जशीच्या तशी चालतात, व्हायरस येत नाही. आजच फॉरमॅट मारा." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, आणि आयएसओ म्हणजे ती मशीनवर बसवायची अख्खी फाईल. एरवी सोडून दिलं असतं, मी स्वतः लिनक्सच वापरतो. पण आमच्या दाजींचं कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपीचं, म्हणजे लग्नपत्रिका टाईप करून मांडून द्यायचं दुकान आहे आणि ऐन लगीनसराईत त्यांचा मेसेज, "पेनड्राईव्ह तयार आहे, मारू काय फॉरमॅट?"

दाजी, हात लावू नका!

आधी ते वाईनचं बघू, कारण खरा घात तिथंच आहे. वाईन विंडोजच्या प्रोग्रॅमच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून पुढं पाठवतं, त्यावर साधे प्रोग्रॅम आणि बरेच गेम चालतात, हे खोटं नाही. पण तुमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे ती यूएसबीची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही, त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसतो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आणि वाईनकडं विंडोजचा कर्नलच नाही, मग तो बसणार कुठं? पत्रिका मांडायचं कोरलड्रॉ आज लिनक्ससाठी निघत नाही. लिनक्सवरचं इंकस्केप कोरलड्रॉची सीडीआर फाईल उघडतं, पण मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असला आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फॉन्ट टाकला तरी ओळी सरकायच्या त्या सरकतातच. त्यात फॉरमॅट मारल्यावर डेस्कटॉपवर साठवलेल्या सगळ्या पत्रिका गेल्या, बॅकअप घ्या एवढंसुद्धा त्या शहाण्यानं लिहिलेलं नाही. काउंटरवर नवरदेवाचा बाप उभा असताना त्याला काय सांगायचं, फॉरवर्ड दाखवायचा?

आता "एकच आयएसओ". प्रोसेसर वेगळा की फाईल वेगळी, बुलेटचा पिस्टन स्प्लेंडरला बसतोय काय ते उद्यमनगरातल्या वर्कशॉपात कुणालाही विचारा. माझं ऐकू नका, डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या १३ व्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचा. त्यात ७ वेगवेगळ्या आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या जातींची यादी आहे, इंटेल-एएमडीचं ६४ बिट वेगळं, एआरएम वेगळं, रिस्क-फाइव्ह वेगळं. आणि ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, तसली मशीनं १३ वर नेऊच नका असं तिथं चक्क लिहिलंय. म्हणजे "जुन्या ३२ बिटवर चालते" हा मुद्दा डेबियननंच निकालात काढलाय. हां, जुनं पण ६४ बिट मशीन, ४ जीबी रॅमवालं, त्यावर हलकं डेस्कटॉप झकास चालतं, तेवढं मान्य.

मोबाईलचं तर बोलायलाच नको. पीसीत कुठला पार्ट कुठं आहे ते यूईएफआय, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, सिस्टिमला सांगतो. बहुतेक फोनमध्ये तशी सोय नसते, प्रत्येक मॉडेलचा हार्डवेअरचा नकाशा म्हणजे डिव्हाईस ट्री वेगळा, वर सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर लॉक. अँड्रॉइडच्या आत लिनक्सचाच कर्नल असतो हे खरं, पण म्हणून पीसीची आयएसओ फोनवर चढत नाही.

ड्रायव्हरचं अर्धं खरं आहे, नाईलाजानं सांगतोय. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात आणि डेबियन १२ पासून वायफायच्या चिपला लागणारं कंपनीचं बंद सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरसुद्धा इन्स्टॉलरमध्येच मिळतं. पण काही लेसर प्रिंटरना कंपनीची वेगळी फाईल लागतेच.

लिनक्सवर व्हायरस कमी येतात, येतच नाहीत असं नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, मशीन बंद पडत नाही.

तरी हौस असली तर दाजी, कोपऱ्यातलं बिलाचं मशीन घ्या, ते ६४ बिट आहे. पेनड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे मशीनवर न बसवता चालवा, इन्स्टॉल दाबू नका. वायफाय लागतंय का बघा, प्रिंटरवर एक पान काढा, तुमचं बिलिंग त्यावर उघडतंय का ते बघून मला फोन करा. डीटीपीचं मशीन आहे तसंच राहू दे, अपडेट थांबलेत म्हणून नेट तेवढं काढून ठेवा.